सुटी पानं

आवाज पाठीमागून आला.

शुक्रवारची संध्याकाळ, सहाचा सुमार. जर्मनीतल्या लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये मी आणि लेक पाऊण तास आधीच जाऊन बसलो होतो, जागा मिळावी म्हणून. दाराशी थोडे पैसे देऊन कार्यक्रमपत्रिका घ्यायची, तेच तिकीट. समोर वेदी, उंच खिडक्यांच्या रंगीत काचा, आणि वेदीच्या अलीकडे जमिनीत बसवलेली ब्राँझची एक साधी पाटी. मी समोर नजर लावून बसले होते. गाणारे समोर येऊन बसणार, ही आपली जन्माची सवय. आणि सूर लागला तो मागून, वरून. मुलं पश्चिमेकडच्या सज्जात उभी होती. मान वळवून बघावंसं फार वाटलं. पण शेजारच्या आजी हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहून मीही डोळे मिटले. गाणाऱ्याचा चेहरा नाही, हातवारे नाहीत. फक्त स्वर अंगावर येत होते, आधी कोवळे, वरच्या पट्टीतले, मग त्यांच्याखाली थोराड मुलांचे, जात्याच्या घरघरीसारखे खोल.

मुलांच्या या गायनवृंदाची स्थापना १२१२ सालची. लेकीने हा आकडा सांगितला आणि मला ज्ञानेश्वरी आठवली, कारण ती शके १२१२ मधली. तो शक, हा इसवी सन, त्यामुळे प्रत्यक्षात मधे ७८ वर्षांचं अंतर. म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही आधीपासून या गावात नऊ ते अठरा वर्षांची मुलं गातायत. आवाज फुटला की मुलगा वरच्या ओळीतून खालच्या ओळीत जातो, शाळा संपली की निघून जातो, आणि त्याच्या जागी दुसरा येतो. आजही शाळेच्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी ही मुलं चर्चमध्ये मोटेट, म्हणजे वृंदाने म्हणायच्या धार्मिक रचना, गातात. लहानांना अजून खलाशांसारखा निळा-पांढरा पोशाख असतो.

समोरच्या पाटीखाली ज्यांच्या अस्थी आहेत ते संगीतकार योहान सेबास्टियान बाख १७२३ ते १७५० अशी सत्तावीस वर्षं या मुलांचे कँटॉर होते. म्हणजे गायनशिक्षक, वृंदप्रमुख, आणि गावातल्या मुख्य चर्चांचं संगीत सांभाळणारे नोकरदार.

मी लाइपझिगला आले ती लेकीकडे, दीड महिन्यासाठी. जर्मन मला येत नाही. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण नाही. सांगलीत पंचवीसेक वर्षं बाईंकडे ख्याल शिकले, तेवढीच माझी पुंजी. पण गावात एक सोय अशी आहे की भाषा येत नसली तरी चालता येतं. जुन्या भागातल्या फरसबंदीत जागोजागी स्टीलच्या वळणदार पट्ट्या बसवल्या आहेत, उन्हात चकाकतात. त्या पट्ट्यांच्या मागे चालत राहिलं की पाचेक किलोमीटरच्या फेरीत संगीताशी नातं असलेली तेवीस ठिकाणं होतात. लेक कामावर गेली की मी पाण्याची बाटली घेऊन निघायचे.

गाव लहान नाही, पण जुना गाभा आटोपशीर आहे. जत्रेच्या, व्यापाराच्या पैशावर वाढलेलं गाव. १७४३ मध्ये सोळा जणांनी वर्गणी काढून सोळा वादक ठेवले, त्यातून आजचा गेवांडहाउस वाद्यवृंद उभा राहिला. गेवांडहाउस म्हणजे कापडवाल्यांची वखार. १७८१ मध्ये तिच्याच माडीवर सभागृह झालं, तेच नाव पुढे वृंदाला कायमचं चिकटलं. राजाच्या दरबाराऐवजी कापडाच्या पेठेत वाढलेली कला, ही गोष्ट मला फार जवळची वाटली. निकोलाय चर्चचे खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे फुटतात. १९८९ मध्ये तिथल्या सोमवारच्या प्रार्थनांतून लोक पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि ९ ऑक्टोबरला सत्तर हजार माणसं हातात काही न घेता चालली. संगीतकार शूमान आणि त्यांची पियानोवादक बायको क्लारा यांचं लग्नानंतरचं घर पाहिलं. दुपारी एका बेकरीत 'लेर्शं' खाल्लं, म्हणजे चंडोल. पूर्वी इथे खरोखरच चंडोल पकडून खात. १८७६ मध्ये शिकारीवर बंदी आली आणि हलवायांनी बदाम भरलेला हा गोड पदार्थ काढून त्याला पक्ष्याचं नाव दिलं. चांगला लागतो.

हे सगळं मी पाहिलं, फोटो काढले, सांगलीच्या ग्रुपवर टाकले. पण ज्या जागेपाशी मी पुन्हा पुन्हा गेले ती थॉमस चर्चच्या समोरची: बाख यांच्या नावाचं संग्रहालय, आणि त्यातली मंद उजेडाची एक खोली.

त्या खोलीत मूळ हस्तलिखितं आळीपाळीने ठेवतात. उजेड मंद, कारण कागद तीनशे वर्षांचा आणि शाई लोहाची. ही शाई काळाबरोबर कागद खात जाते. अक्षर जितकं ठसठशीत, तितकं तिथे कागदाला भोक पडायची भीती जास्त. मी वाकून पाहिलं. पाच रेघांचे गट हाताने ओढलेले, स्वरांच्या टिंबांना एका बाजूला कलणाऱ्या दांड्या, घाईत केलेली फराट्यांची जोडणी. ते पूर्ण रचनेचं पान नव्हतं. एकाच आवाजाची सुटी प्रत होती. पाश्चात्त्य पद्धतीत सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेली मुख्य वही रचनाकाराकडे असते. प्रत्येक गायकाला, वादकाला मात्र त्याच्या त्याच्या ओळीचं वेगळं पान उतरवून द्यावं लागतं. बासरीवाल्याच्या हातात बासरीचं पान, त्यात बाकीचे काय करतायत ते लिहिलेलं नसतं.

लाइपझिगच्या पहिल्या वर्षांत बाख बहुतेक आठवड्याला एक नवी कँटाटा लिहीत होते. वीस-पंचवीस मिनिटांची, गायक, तंतुवाद्यं, कधी सनईच्या जातीची ओबो, कधी कर्णे. रविवारी सकाळी सातला प्रार्थना सुरू व्हायची. त्याच्या आत रचना पूर्ण, प्रत्येकाची पानं उतरवून तयार आणि तालीमही झालेली हवी. चर्चला लागून शाळा होती आणि शाळेतच कँटॉरचं घर. १९०२ मध्ये ती इमारत पाडली, आता तिथे दुसरी आहे. त्या घरात आठवडाअखेरीला काय गडबड उडत असेल ते डोळ्यांसमोर आणायला मला जड गेलं नाही. दिवाळीच्या आधी फराळाला बसतात तसे सगळे बसत असणार. शाळेतली मुलं, थोरला मुलगा, आणि बायको. ओली शाई, वाळू टाकून वाळवायची, पान सरकवायचं, पुढचं घ्यायचं.

बायकोचं नाव आना माग्दालेना. १७२१ मध्ये लग्न झालं तेव्हा ती वीस वर्षांची, केथनच्या दरबारात पगारी गायिका. लाइपझिगमध्ये चर्चच्या संगीतात बाईने गायचं नाही असा रिवाज होता, त्यामुळे इथे आल्यावर नवरा ज्या जागेसाठी लिहीत होता तिथे तिचा आवाज कधीच चढला नाही. तेरा मुलं झाली, त्यातली सात लहानपणीच गेली. आणि या सगळ्यात ती उतरवत राहिली. तिचं अक्षर नवऱ्याच्या अक्षरासारखं इतकं हुबेहूब झालं की अभ्यासकांची त्यात फसगत होत आली. जगभरचे चेलोवादक ज्या सहा रचना आयुष्यभर घोकतात त्यांची बाख यांच्या हातची प्रत हरवली आहे. त्या आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः तिच्या हातच्या प्रतीवरून.

माझी लेक आठ वर्षांची असताना सांगलीत कीबोर्डच्या क्लासला जायची. तिथे शिकवलेला 'बाखचा मिन्युएट', नाचाच्या ठेक्याची एक छोटी धून, तिने इतका वाजवला होता की शेजारच्या काकू भांडी घासताना तो गुणगुणायच्या. आना माग्दालेनाची १७२५ ची एक वही आहे, कव्हरवर तिच्या नावाची आद्याक्षरं आणि साल सोनेरी अक्षरांत. तो मिन्युएट त्या वहीतला. आणि तो बाख यांचा नाहीच. ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचा आहे, हे गेल्या शतकात उशिरा कळलं. तिला आवडला म्हणून तिने उतरवून घेतला, कोणाचा ते लिहिलं नाही. आपल्याकडच्या वह्यांतही असंच असतं. बंदिश असते, राग असतो, ताल असतो, कोणाची ते नसतं.

आमच्या बाईंकडे अकरा वह्या होत्या. दोनशे पानी, खाकी कव्हरच्या. निळ्या शाईत बोल, त्याखाली मात्रा, आणि मागाहून सुचलेली दुरुस्ती लाल शाईत. त्यांच्या गुरूंनी तोंडी दिलेलं, कुठे कुठे ऐकून धरलेलं, काही त्यांनी स्वतः बांधलेलं. शिकवताना वही कधी उघडायच्या नाहीत. "वहीत बघून गाणं येत नाही, वही विसरलेल्यासाठी असते," म्हणायच्या. आम्हाला लिहून घेऊ द्यायच्या नाहीत. घरी जाऊन आठवेल ते लिहा. त्या गेल्या तेव्हा मी बाहेरगावी होते. घर रिकामं करायची घाई होती, सामान निघालं, त्यात वह्या रद्दीत गेल्या. आम्ही शिष्यिणी दोन आठवड्यांनी पोचलो तेव्हा कपाट पुसून ठेवलेलं होतं. नऊ वर्षं झाली. कोणी नुसतं 'रद्दी' म्हटलं तरी माझ्या पोटात अजून गोळा येतो.

म्हणून त्या मंद उजेडाच्या खोलीत मी पुढची गोष्ट लेकीकडून दोनदा वाचून घेतली. १७५० च्या जुलैत बाख गेले. मृत्युपत्र नव्हतं. एक तृतीयांश विधवेला, बाकीचं नऊ मुलांत, अशी वाटणी झाली. लिखाणाचा मोठा भाग थोरल्या दोन मुलांकडे गेला. एकाने जपला, दुसऱ्याने हलाखीत विकला. मृत्युलेखात चर्चसाठीच्या कँटाटांचे वर्षभराचे पाच संच होते असं म्हटलं आहे. आज हाती सुमारे २०० आहेत, म्हणजे शंभराच्या आसपास गेल्याच. विधवेच्या वाट्याला आली सुटी पानं, म्हणजे कोरालवर, चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायच्या पदांवर, आधारलेल्या कँटाटांच्या गाण्या-वाजवण्याच्या प्रती. तिने ती पानं शाळेला देऊन टाकली. ४४ कँटाटांचे संच. तिला सरकारी घर सोडावं लागणार होतं, पदरात लहान मुलं होती, आणि विकण्यासारखं फार काही नव्हतं. तरी ही पानं फुटली नाहीत, विखुरली नाहीत. ज्या मुलांसाठी लिहिली त्यांच्याच शाळेच्या कपाटात राहिली, तिथून आज इथे, काचेखाली. ती स्वतः १७६० मध्ये गेली, गावाच्या धर्मादायावर जगत.

त्या शाळेच्या कपाटाची आणखी एक गोष्ट आहे. बाख यांना जाऊन चाळीस वर्षं होत आली होती, बाहेरच्या जगात त्यांचं गाणं फारसं कोणी गात नव्हतं. पण थॉमस शाळेतली मुलं त्यांचे मोटेट गात राहिली होती. १७८९ च्या एप्रिलमध्ये मोझार्ट इथे आला. बाखचेच शिष्य असलेल्या कँटॉरनी मुलांकडून दोन वृंदांचा एक मोटेट म्हणवून घेतला. मोझार्ट ताठ झाला. हे काय आहे, म्हणाला. संपल्यावर त्याने आणखी काय आहे ते मागितलं. मुख्य वही शाळेकडे नव्हतीच, सुटी पानं होती. मग त्याने ती सगळी पानं आपल्याभोवती मांडली, हातांत, मांडीवर, शेजारच्या खुर्च्यांवर, आणि एक एक ओळ नजरेने जोडत वाचत बसला, संपेपर्यंत उठला नाही. ही हकीकत संगीतावर लिहिणारे फ्रीडरिश रोखलिट्झ यांनी लिहून ठेवली आहे. याच रोखलिट्झ यांनी १८०० मध्ये बाख यांच्या शेवटच्या हयात मुलीसाठी मदतीचं जाहीर आवाहन केलं, कारण ती याच गावात गरिबीत दिवस काढत होती.

खुर्च्यांवर पसरलेली ती पानं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

पुढचं काम संगीतकार मेंडेल्सोनने केलं. त्याचं घर इथे आहे, त्याच घरात तो १८४७ मध्ये गेला. अभ्यासिका, लहानसं टेबल, जलरंगातली चित्रं. बाख यांचं सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांची गायलेली कथा, पहिल्यांदा याच थॉमस चर्चमध्ये झालेलं, आणि नंतर पडून राहिलेलं. मेंडेल्सोनने विसाव्या वर्षी, ११ मार्च १८२९ ला, ते बर्लिनमध्ये सादर केलं आणि लोकांना बाख पुन्हा सापडले असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरंच आहे. पण पोरवयात त्याच्या हातात त्या पॅशनची उतरवलेली प्रत ठेवली ती त्याच्या आजीने, बेला सालोमोन यांनी. आजीची बहीण सारा लेव्ही बाखच्या थोरल्या मुलाकडे शिकलेली, घरी बाखकुलाच्या रचना जमवणारी. म्हणजे इथेही एक आजी आणि एक वही. १८४३ मध्ये मेंडेल्सोनने पदरमोड करून आणि मैफलींच्या पैशातून बाख यांचं स्मारक चर्चजवळच्या बागेत उभं केलं. बाखचं जगातलं सगळ्यात जुनं स्मारक. त्याच मेंडेल्सोनचा गेवांडहाउससमोरचा पुतळा, तो ज्यू कुळात जन्मला म्हणून, नाझींनी १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये रातोरात काढून टाकला. तो परत मिळाला नाही. तसाच घडवलेला नवा पुतळा २००८ पासून थॉमस चर्चच्या बाजूला उभा आहे. तिथून जाताना मी रोज थांबायचे.

एक आपल्याकडचा धागाही या गावात सापडला. पुण्या-मुंबईतलं मॅक्समुल्लर भवन ज्यांच्या नावाचं, ते मॅक्समुल्लर शाळेला आणि विद्यापीठात इथेच होते. संस्कृतचे पहिले धडे इथेच हेर्मान ब्रॉकहाउस यांच्याकडे घेतले. ब्रॉकहाउसांची बायको संगीतकार वाग्नर यांची बहीण. पुढे मॅक्समुल्लरांनी सायणभाष्यासह ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात छापून काढला. टिळकांना १८९७ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांत ते होते. मला मात्र विद्यापीठाच्या चौकात उभी असताना वेगळंच वाटत होतं. आपला वेद हजारो वर्षं कागदाशिवाय राहिला, पद, क्रम, जटा, घन असा उलटसुलट म्हणून, एक स्वर हलू न देता. ती शिस्त बंदिशींना कधी लाभली नाही. घराण्याघराण्यांत गाणं लपवलं गेलं, शिष्यापाशी अर्धं पोचलं. भातखंड्यांनी गावोगाव हिंडून, उस्तादांच्या विनवण्या करून शेकडो बंदिशी लिपीत बांधल्या नसत्या, तर आज आपल्या हाती किती उरलं असतं? त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत, मीही ऐकली आहे. माझं मत त्या खोलीत पक्कं झालं. लिहिलेलं अपुरं असतं, पण त्याच्यामागे लागता तरी येतं.

शेवटच्या आठवड्यात मी एकटीच योहानिस चौकात गेले. इथे योहानिस चर्च होतं. बाख यांना १७५० मध्ये या चर्चच्या आवारात पुरलं, वर काही खूण नव्हती. दक्षिणेच्या दारापासून सहा पावलांवर, एवढंच लोकांच्या तोंडी राहिलं होतं. १८९४ मध्ये त्या आठवणीवर खणलं, ओकच्या शवपेटीत अस्थी मिळाल्या, शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी तपासल्या आणि मूर्तिकार सेफनर यांनी कवटीवरून चेहरा घडवून पाहिला. थॉमस चर्चबाहेरचा १९०८ चा उंच पुतळा, कोटाचा एक खिसा उलटा बाहेर आलेला, तो याच सेफनर यांचा. त्या अस्थी बाखच्याच का, अशी शंका घेणारेही आहेत. दुसऱ्या महायुद्धात चर्च बॉम्बखाली गेलं, अस्थी थॉमस चर्चमध्ये हलवल्या, उरलेला मनोरा १९६३ मध्ये सुरुंग लावून पाडला. आता तिथे हिरवळ आहे, ट्रामचा थांबा आहे, आणि मागे संग्रहालय, ज्यात १७२६ चा एक पियानो आहे, जगातल्या सर्वांत जुन्या तिघांतला.

आना माग्दालेनाला याच स्मशानात पुरलं. तिच्यासाठी कोणी पावलं मोजून ठेवली नाहीत.

जुन्या स्मशानाचा भाग आता बाग आहे. झाडांखाली काही दगड उभे, काही भिंतीला टेकवलेले. लिंडनला मोहोर आला होता, मधासारखा वास. या झाडाच्याच जुन्या स्लाव नावावरून गावाला नाव पडलं म्हणतात. एक आई बाबागाडी हलवत बाकावर वाचत बसली होती. मी दुसऱ्या बाकावर बसले. पर्समध्ये संग्रहालयाचं माहितीपत्रक होतं, त्याची मागची बाजू कोरी. बाईंची भीमपलासातली एक मध्यलयीची बंदिश, तीनतालातली, त्यांनीच बांधलेली. कुठे छापलेली नाही, कोणी ध्वनिमुद्रित केलेली नाही. स्थायी सरळ उतरली. बोल, खाली मात्रा, समेवर फुली. अंतऱ्याची पहिली ओळ आली. दुसरी येईना. तोंडात चाल होती, शब्द नव्हते. दहा वेळा म्हटली. बाबागाडीवाली माझ्याकडे बघून हसली.

सांगलीला माझ्या गुरुभगिनीला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसहा.

"अगं, भीमपलासातला बाईंचा तो अंतरा, दुसरी ओळ काय?"

"थांब, कुकर लावलाय, गॅस बारीक करते."

चपलांचा आवाज, शिट्टी अर्ध्यात विझली, मग तिचा खाकरलेला गळा. तिने षड्ज घेतला. माझ्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर खाली. मी माहितीपत्रक गुडघ्यावर सरळ केलं.

"हळू म्हण," मी म्हटलं. "लिहून घेतेय."